पाण्यात बुडालेली जैविक गाळणी

‘फिल्टर’ हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी, पिण्याच्या पाण्याचे यंत्र किंवा प्रयोगशाळेतील गाळणकागद उभा राहतो. या सर्वांचे काम एकच : बारीक छिद्रांतून द्रव जाऊ द्यावयाचा आणि घन पदार्थ अडवून धरावयाचा. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात ज्याला जैविक फिल्टर म्हणतात त्याचे काम मात्र अगदी निराळे आहे. त्याची छिद्रे एवढी मोठी असतात की त्यांतून बोट सहज जावे. तो मळ अडवीत नाही, तो मळ खातो. त्याच्या पृष्ठभागावर वस्ती करून राहिलेले अब्जावधी जीवाणू पाण्यात विरघळलेली घाण अन्न म्हणून ग्रहण करतात व त्यामुळे पाणी निवळते. गाळणी हे नाव रूढ झाले म्हणून आपणही तेच वापरू. परंतु ती एक सजीव वस्ती आहे हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे, ही विनंती.

हा विषय वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर कायद्यात आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली प्रथम झाले आणि २०१६ साली नव्याने आले. त्यांतील दुरुस्त्यांनुसार दहापेक्षा कमी खाटा असलेल्या रुग्णालयांनीही आपल्या सांडपाण्याची ठरावीक प्रत ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत गाठावयाची होती. परिणामी सिकंदराबाद-हैदराबादेतील अनेक नर्सिंग होमच्या तळघरात किंवा मागील अंगणात एक लहानसे शुद्धीकरण संयंत्र येऊन बसले. अशा लहान संयंत्रांपैकी पुष्कळशी याच बुडीत गाळणीच्या जातीची असतात. ते बसविताना ठेकेदाराने यंत्राची माहिती दिली असेल, पण आत राहणाऱ्या जीवांची क्वचितच दिली असेल.

या कल्पनेचा उगम शंभराहून अधिक वर्षे मागे जातो. १८९० च्या दशकात लंडनच्या मैलापाण्यावर विल्यम डिब्डिन या रसायनज्ञाने प्रयोग केले. दगडी कोळशाच्या कोकच्या तुकड्यांनी भरलेल्या हौदात मैलापाणी भरावयाचे, काही तास तसेच ठेवावयाचे, मग हौद रिकामा करून त्याला विश्रांती द्यावयाची, अशी ती पद्धत. विश्रांतीच्या काळात कोकच्या फटींत हवा शिरे आणि तेथील जीवाणू पुन्हा ताजेतवाने होत. पुढे हौद भरण्या-उपसण्याचा त्रास टाळण्यासाठी दगडांच्या थरावर वरून पाणी शिंपडण्याची पद्धत आली आणि तीच अनेक वर्षे मानली गेली. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी जीवाणूंना आधाराची गरजच ठेवली नाही; त्यांनी गाळ पाण्यातच तरंगत ठेवून त्यात हवा फुंकली. बुडीत गाळणी ही या दोन्ही पद्धतींचा संकर आहे. जीवाणू घट्ट आधारावर, आधार पाण्याखाली आणि हवा खालून. अमेरिकेत ‘हेज पद्धत’ या नावाने ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी छावण्यांतून वापरली गेली. जपानमध्ये घरोघरच्या सांडपाण्यासाठी ‘जोकासो’ नावाची छोटी संयंत्रे असतात. त्यांच्यासाठी १९८३ साली स्वतंत्र कायदाच झाला आणि त्यांतील पुष्कळ याच तत्त्वावर चालतात.

आपल्याकडचा एक जुना प्रयोग रुग्णालयातच झाला होता, हे येथे सांगितलेच पाहिजे. मुंबईत माटुंगा येथे १८९० साली निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले गेले. तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने ते झाले. वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. तेथील मैलापाण्याच्या बंदिस्त टाक्यांतून निघणारा वायू १८९७ साली गोळा करून वापरात आणला गेला, आणि जगभरच्या जैववायूच्या इतिहासात माटुंग्याचे नाव त्यामुळे आजही येते. हे काम हवेविना जगणाऱ्या जीवाणूंचे होते, बुडीत गाळणीतील त्यांच्या भावंडांचे नव्हे. पण समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांच्या मैल्यातून दिवा पेटविण्याची ही कल्पना त्या काळी कोणाला तरी सुचली, याचे कौतुक वाटते. जाता जाता आणखी एक : याच ॲक्वर्थसाहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने मराठी पोवाडे गोळा करून १८९१ साली प्रसिद्ध केले. मैल्याची व्यवस्था आणि पोवाड्यांचे जतन एकाच माणसाच्या टेबलावर होते!

आता गाळणीच्या अंतरंगाकडे वळू. टाकीत मधमाशीच्या पोळ्यासारखे प्लॅस्टिकचे ठोकळे रचलेले असतात, किंवा नाण्याएवढ्या दातेरी चकत्या पाण्यात मोकळ्या सोडलेल्या असतात. याला कामगार मंडळी ‘मीडिया’ म्हणतात. मोकळ्या चकत्यांची पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत ट्रॉन्हाइम येथे विकसित झाली. मीडिया ठोकळ्यांचा असो वा चकत्यांचा, हेतू एकच, तो म्हणजे थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग. त्यावर काही दिवसांत एक बुळबुळीत तपकिरी थर चढतो. हा थर आपल्याला नवा नाही. दातांवरचे किटण तेच असते. मूत्रमार्गात बरेच दिवस राहिलेल्या कॅथेटरच्या आत तोच सापडतो. रुग्णाच्या शरीरात ज्या जीवाणुपटलाशी आपण आयुष्यभर झुंजतो, त्यालाच येथे पगारी नोकर म्हणून ठेवलेले आहे.

या पटलाची रचना मोठी मनोवेधक आहे. पाण्यातील प्राणवायू त्यात साधारणपणे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंतच पोचतो. म्हणजे वरच्या पातळ पापुद्र्यात प्राणवायूवर जगणारे जीवाणू, आणि त्याखाली त्याविना जगणारे. वरचे कर्बयुक्त घाण खातात. त्यांच्याच शेजारी नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर यांच्या कुळातील सावकाश वाढणारे जीवाणू असतात. ते मूत्रातून आलेल्या अमोनियाचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये करतात. खालचे थर त्या नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेऊन निरुपद्रवी नायट्रोजन हवेत सोडतात. तरंगत्या गाळाच्या पद्धतीत हे सावकाश वाढणारे जीव पाण्याबरोबर वाहून जाण्याचा धोका असतो. येथे ते प्लॅस्टिकला धरून बसतात, आणि या पद्धतीचा खरा लाभ तोच आहे. पटलावर चरणारे प्रजीव, चक्रधारी जीव, सूक्ष्म कृमी हेही असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या थराचा थेंब पाहिल्यास पंधरा मिनिटांची करमणूक हमखास होते, आणि घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला भरपूर दिसले तर संयंत्र निरोगी आहे असे अहवाल न पाहताही सांगता येते.

थर फार जाड झाला की आतील भाग उपाशी राहून सुटतो व लपका गळून पडतो. म्हणूनच गाळणीनंतर निवळण टाकी लागते आणि तिच्या तळाशी बसलेला गाळ नियमाने काढावा लागतो.

पृष्ठभाग किती लागतो, याचा एक मोघम हिशेब करून पाहू. शंभरपर्यंत खाटांच्या रुग्णालयासाठी भारतीय मानकात दर खाटेमागे दररोज ३४० लिटर पाणी धरतात. म्हणजे ५० खाटांच्या नर्सिंग होममधून दिवसाला सुमारे १७,००० लिटर सांडपाणी निघेल. घाणीचे माप म्हणजे बीओडी, अर्थात ती घाण खाताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू. विलायतेत ही चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवस करतात; आपल्या उष्ण देशासाठी ती २७ अंशांना तीन दिवस अशी ठरविण्यात आली. लिटरमागे २५० मिलिग्रॅम बीओडी धरला तर रोजची मागणी होते सव्वाचार किलोग्रॅम. दर चौरस मीटर पटलाने दिवसाला दहा ग्रॅम बीओडी पचवावा असे धरल्यास ४२५ चौरस मीटर पृष्ठभाग हवा. बॅडमिंटनची पाच मैदाने भरतील एवढा हा विस्तार, पण घनमीटरमागे १५० चौरस मीटर पृष्ठभाग देणारा मीडिया घेतला तर तो सुमारे तीन घनमीटरांत, म्हणजे एका मोठ्या कपाटाच्या जागेत मावतो. अमोनियाही घालवावयाचा असेल तर याहून बराच अधिक पृष्ठभाग लागेल. कमी किमतीच्या निविदेत कात्री लागते ती बहुधा येथेच, कारण झाकलेल्या टाकीत मीडिया किती घातला हे कोणी मोजत नाही. पैसे चुकते करण्यापूर्वी ते मोजून घ्यावे.

दुसरी गोष्ट हवेची. पाण्यात प्राणवायू मुळातच अल्प विरघळतो, आणि पाणी जितके उष्ण तितका तो कमी. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. आपले शहर समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचावर असल्यामुळे त्यातूनही काही टक्के वजा होतात. उलट उष्णतेने जीवाणूंची भूक वाढते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत मागणी सर्वाधिक व पुरवठा सर्वांत कमी, अशी स्थिती होते. शिवाय एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करण्यास साडेचार मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खर्च होतो. विजेचे बिल वाचविण्यासाठी रात्री ब्लोअर बंद ठेवण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. ती प्रथा म्हणजे अतिदक्षता विभागातील रुग्णाचा प्राणवायू रात्रपाळीपुरता बंद करण्यासारखी आहे. काही तासांत टाकी सडू लागते, पहाटे तळमजल्यावर कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि मग तो वास मारण्यासाठी कोणीतरी गटारात जंतुनाशक ओततो.

माझ्या मते रुग्णालयांच्या संयंत्रांना सर्वांत मोठा धोका या जंतुनाशकाचाच आहे. संसर्गजन्य द्रव निचऱ्यात सोडण्यापूर्वी निर्जंतुक करणे आवश्यक आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु प्रमाण पाहावे. एक टक्का हायपोक्लोराइटच्या दहा लिटर द्रावणात १०० ग्रॅम क्लोरीन असतो. तो दिवसभराच्या १७,००० लिटरांत मिसळला तर लिटरमागे सहा मिलिग्रॅम भरेल, आणि वाटेतील घाणच त्याला संपवील. गाळणीपर्यंत जवळजवळ काही पोचणार नाही. आता दुसरे उदाहरण घ्या. पाच टक्क्यांचा ३५ लिटरचा कॅन मुदत संपली म्हणून एखाद्या कर्मचाऱ्याने एकदम मोरीत रिकामा केला. निम्मा क्लोरीन उडून गेला असे मानले तरी पाऊण किलोहून अधिक क्लोरीन एकाच लोंढ्याने चार घनमीटरांच्या टाकीत शिरला. हे प्रमाण लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या घरात जाते. पोहण्याच्या तलावात तो एक ते तीन मिलिग्रॅम असतो. पटलाचा वरचा थर तत्काळ मरतो. खोलवरचे जीव वाचतात म्हणून बुडीत गाळणी तरंगत्या गाळाच्या संयंत्रापेक्षा लवकर सावरते, हे तिचे बलस्थान खरे. पण अमोनिया पचविणारे मंदगती जीव परत यावयास कित्येक आठवडे जातात. ग्लुटाराल्डिहाइड, फॉर्मॅलीन आणि क्ष-किरण विभागातील जुने फिक्सर यांचेही तसेच. फिक्सरमधील चांदी जीवाणूंना घातक असते. तो निचऱ्यात न सोडता चांदी काढणाऱ्याला द्यावा.

प्रतिजैविकांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि तो आपल्या शहराशी जोडला गेलेला आहे. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी पाटणचेरू येथील सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी तेथे येत असे. प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात त्याची कमाल पातळी दोन-तीन मिलिग्रॅम असते, एवढे सांगितले की आपल्या वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही. जैविक संयंत्रातील जीव अशा पाण्यात एक तर मरतात, नाही तर प्रतिरोधक होऊन जगतात. रुग्णालयाच्या सांडपाण्यात प्रमाण यापेक्षा पुष्कळच कमी असते. परंतु दाट वस्तीच्या पटलात निरनिराळ्या जातींचे जीवाणू एकमेकांना खेटून राहतात आणि प्रतिरोधाची जनुके परस्परांना देण्यास ती सोयीची जागा होते. त्यामुळे शिल्लक राहिलेल्या प्रतिजैविकांच्या कुप्या सिंकमध्ये रिकाम्या करणे हे पाण्यापुरते पाप उरत नाही. कालबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत जावीत, असा नियम आहेच.

गाळणीकडून काय अपेक्षू नये हेही स्पष्ट असावे. चांगले चाललेले संयंत्र बीओडी नव्वद टक्के वा अधिक घटविते. पण रोगजंतूंच्या बाबतीत नव्वद टक्के म्हणजे फारच थोडे. मैलापाण्यात शंभर मिलिलिटरमागे कोटीच्या घरात विष्ठाजन्य कोलिफॉर्म असतात. त्यांतील नव्याण्णव टक्के गेले तरी लाख उरतात. शेतीस सर्रास वापरावयाच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सुचविलेली मर्यादा एक हजार होती, आणि आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेत शहरी संयंत्रांसाठी हाच आकडा आहे. तेव्हा गाळणीच्या पुढे वाळूचा थर आणि निर्जंतुकीकरण हवेच. क्लोरीनचे योग्य स्थान संयंत्राच्या शेवटी आहे, प्रारंभी नाही.

सांडपाण्यात रोगजंतू किती काळ व कसे वावरतात याचे दोन दाखले हैदराबादनेच दिले. भारत पोलिओमुक्त घोषित झाल्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ साली, येथील सांडपाण्याच्या नमुन्यात लसजन्य टाइप २ पोलिओ विषाणू सापडला आणि जून महिन्यात सुमारे तीन लाख मुलांना इंजेक्शनवाटे लस द्यावी लागली. पुढे २०२० साली सीसीएमबी व आयआयसीटी या संस्थांनी शहरातील शुद्धीकरण केंद्रांत येणाऱ्या मैलापाण्यातून कोविडच्या फैलावाचा अंदाज बांधला; सुमारे ६.६ टक्के लोकांना लागण झाली असावी, असा तो अंदाज होता. रक्ततपासणी जसे रुग्णाचे, तसे गटार वस्तीचे निदान सांगते.

महापालिकेचे मोठे संयंत्र असताना आपण कशाला खटाटोप करावयाचा, असे काही मंडळी विचारतात. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांनी पूरनियंत्रणाबरोबरच शहराच्या भुयारी गटारांचीही योजना आखली. शहर मात्र त्या योजनेबाहेर कितीतरी वाढले. अंबरपेठ येथे ३३९ दशलक्ष आणि नागोल येथे १७२ दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेची केंद्रे झाली; ती हवेविना चालणाऱ्या जीवाणूंवर आधारलेली होती, त्यामुळे वीज कमी लागे, पण पाणी पुरेसे स्वच्छ होण्यासाठी नंतर हवा द्यावीच लागे. २०२१ साली ३१ नव्या केंद्रांची सुमारे १,२५९ दशलक्ष लिटरांची योजना मंजूर झाली, तेव्हा रोज निर्माण होणाऱ्या सुमारे १,६५० दशलक्ष लिटरांपैकी निम्म्याहून कमी पाण्यावरच प्रक्रिया करण्याची क्षमता होती. उरलेले कोठे जात होते हे पिकेट नाल्याच्या किंवा कुकटपल्ली नाल्याच्या काठी राहणाऱ्यांस ठाऊक आहे. हे दोन्ही नाले हुसेनसागरात उतरतात. मुसीच्या खालच्या अंगाला त्याच पाण्यावर पॅरा गवत, भाजीपाला व भात पिकतो. ते गवत म्हशी खातात आणि त्यांचे दूध शहरात येते. तेथील शेतकरी कुटुंबांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यावर शेती करणाऱ्यांत हुकवर्मची लागण अधिक आढळली होती.

दिल्लीत मात्र बुडीत गाळणी शहराच्या पातळीवरही वापरली गेली. डॉ. सेन नर्सिंग होम नाला आणि दिल्ली गेट नाला येथे रोज प्रत्येकी सुमारे एक कोटी लिटर क्षमतेची, बायोफोर नावाच्या फ्रेंच पद्धतीची दोन केंद्रे उभारली गेली. भर वस्तीत जागा थोडी, म्हणून ही निवड. शुद्ध केलेले पाणी वीजकेंद्राला देण्याची सोय झाली. नाल्याला नर्सिंग होमचे नाव पडावे, ही गोष्ट आपल्या व्यवसायास भूषणावह की कसे, ते वाचकांनीच ठरवावे.

देखभालीविषयी थोडे. संयंत्राचा ऑपरेटर बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो आणि त्याला झडप कोणती फिरवावयाची एवढेच शिकविलेले असते. महिन्यातून एकदा आपण स्वतः खाली उतरून पाहावे. बुडबुडे टाकीभर सारखे उठत असावेत. एकाच कोपऱ्यात उसळी व बाकी पाणी शांत असेल तर डिफ्यूझर चोंदला आहे. थर तपकिरी असावा. काळा दिसला तर हवा अपुरी, पांढुरका व निसरडा दिसला तर काही विषारी द्रव्य गेले आहे. वास ओल्या मातीसारखा असावा. विरघळलेला प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली नसावा. शस्त्रक्रिया विभाग व धुलाईघर यांचे पाणी सकाळी एकदम येते, म्हणून गाळणीच्या आधी समतोल टाकी पुरेशी मोठी असावी. स्वयंपाकघराच्या निचऱ्यावर तेल अडविणारा सापळा असावा; तेलाचा लेप चढलेल्या पटलाला हवा मिळत नाही. नियमांनुसार बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी ३०, निलंबित कण १०० व तेल १० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. त्याखेरीज एक जुनी सुंदर कसोटी आहे : त्या पाण्यात सोडलेल्या माशांपैकी नव्वद टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असावेत.

दुरुस्तीसाठी किंवा सुटीसाठी संयंत्र बंद ठेवले असेल तर सुरू करताना घाई करू नये. प्रथम दोन-तीन दिवस नुसती हवा द्यावी, मग रोजच्या पाण्याचा चौथा हिस्सा सोडावा आणि पंधरवड्याने पूर्ण प्रमाणावर यावे. मीडिया नवा असेल तर चालू असलेल्या चांगल्या संयंत्रातील गाळाचे दोन-तीन पिंप आणून त्यात ओतावेत, म्हणजे दह्याला विरजण लागावे तसा थर लवकर धरतो. असा गाळ आणताना तो कोणत्या संयंत्रातून आला याची नोंद वहीत करावी आणि वाहून नेणाऱ्याने हातमोजे व बूट घातले आहेत याकडे जातीने लक्ष द्यावे.